फाटकातून दिसणारा डोंगर

एडक्यानं फाटकाला धडक दिली आणि फाटकानं एमलिनच्या तोंडाला. वरचे पुढचे दात तिथंच चिखलात पडले, ओठ फाटला, आणि खालचे जे हलत होते ते डॉक्टरनं काढून टाकले. माझा नवरा दिसण्याबद्दल हळवा माणूस नाही. रविवारी प्रार्थनेला जायचा त्याचा कोटसुद्धा त्याच्या बापाचा आहे. पण दातांबरोबर त्याची शीळ गेली, आणि वेल्सच्या या डोंगरात शीळ गेलेला मेंढपाळ म्हणजे घरी बसलेला मेंढपाळ.

वर डोंगरावर बोललेलं पोचत नाही. वारा शब्द तोंडातून काढून घेतो. दोन बोटं दातांमागं धरून घातलेली शीळ मात्र दरीच्या पलीकडे असलेल्या कुत्र्याला ऐकू जाते. आमची नेल त्या शिळेवर वाढलेली. एमलिननं शीळ घातली की ती नेच्यांच्या झुडपांतून अशी निघायची की फक्त नेचे हलताना दिसायचे, कुत्री दिसायची नाही.

कवळी नाताळानंतर मिळणार होती. मेंढ्या डोंगरावरून उतरवायचा दिवस ऑक्टोबरच्या शेवटी.

त्यानं प्रयत्न केला नाही असं नाही. एकदा मी कोंबड्यांना दाणे टाकायला गेले तर गोठ्यामागं हा उभा, बोटं तोंडात, आणि नुसती हवा फुसफुसतेय. हनुवटीवरून लाळ ओघळत होती. समोर नेल बसलेली, मान कलती करून, अगदी मन लावून. मी दाण्यांची बादली तशीच घेऊन पाय न वाजवता मागं आले.

मग गेथिन आला. गेथिन आमच्या शेजारच्या शेताचा. उतरणीच्या दिवशी कोण कुठं उभं राहायचं ते तोच ठरवतो, त्याच्या आधी त्याचा बाप ठरवायचा. टोपी हातात घेऊन तो स्वयंपाकघरात बसला. आमचा म्हातारा कुत्रा कॅप, ठार बहिरा, टेबलाखालून त्याचे बूट हुंगत राहिला. एमलिननं गळपट्टा नाकापर्यंत ओढला होता. मी त्याच्यापुढं चहा ठेवला तो तसाच गार झाला. हल्ली लोकांसमोर तो काही पीत नसे, ओठातून गळायचं.

"सरळच बोलतो," गेथिन म्हणाला. "वर खिंडीपाशी, काळ्या कडेला तुमची जागा. तिथं माणसांच्या रांगेत भोक पडलं तर सगळ्यांच्याच मेंढ्या पलीकडच्या दरीत जातील. मग नाताळापर्यंत शोधत बसा."

"खरंय," एमलिन गळपट्ट्यातून म्हणाला.

"या वर्षी मी माझा माणूस उभा करतो. पण दरवर्षी नाही जमणार रे मला. मी म्हणतो, वरच्या मेंढ्या काढूनच टाक. खालच्या कुरणात मावतील तेवढ्या ठेव. वय झालं आपलं."

आणि एमलिननं मान हलवली! मी हातातलं फडकं पिळता पिळता थांबले. आमच्या डोंगराला कुंपण नाही, गडगा नाही. मेंढी आपल्याच हद्दीत चरते, कारण तिच्या आईनं तिला तिथं चरवलं, आणि आईला तिच्या आईनं. एकदा हे कळप काढले की दुसऱ्या कुठल्याही मेंढ्या आणून सोडा, त्या चार दिवसांत दाही दिशा होतील. गेलेला कळप परत आणता येत नाही. एमलिनला हे माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं, आणि तरी त्यानं मान हलवली.

"काळ्या कडेला मी जाते."

दारात मारेद उभी होती, आमची मुलगी. बूट बाहेर काढून, ओल्या मोज्यांवर. ती बॅंगोरला रंगाच्या दुकानात नोकरीला होती; दोन वर्षांपूर्वी परत आली आणि म्हणाली, मला शेत करायचंय. बापानं तेव्हा तिच्या हातात गोठ्याचं फावडं दिलं होतं. अजूनही तिच्या हातात तेच होतं.

"आणि कुत्री कुठली?" गेथिननं विचारलं.

"नेल."

"अगं, नेल तुझ्या बापाशिवाय कुणाला हुंगत नाही. गावाला माहीत आहे."

मारेदनं दोन बोटं तोंडात घातली आणि माझ्या स्वयंपाकघरात अशी शीळ घातली की फळीवरच्या बशा वाजल्या. बाहेर नेल उठून उभी राहिली. हुबेहूब एमलिनची शीळ, शेवटची मुरकी धरून.

"आईच्यान!" गेथिन हसला. "डोळे मिटले असते तर तूच वाटला असतास रे, एमलिन." मग टोपी घालत म्हणाला, "उतरणीच्या आधीच्या रविवारी येतो. तोवर कुत्री फिरली तर मारेद. नाही फिरली तर माझा माणूस, आणि वरच्या मेंढ्यांचं काय ते ठरवून टाका."

गेथिन गेल्यावर एमलिननं गार चहा मोरीत ओतला.

दुसऱ्या दिवसापासून मारेद रोज सकाळी नेलला घेऊन वरच्या कुरणात जाऊ लागली. पावसानं नुसता वैताग आणला होता. ती कुरणाच्या माथ्यावर उभी राहायची, मेंढ्या मधल्या उतारावर, आणि खाली फाटकात मी. फाटकातलं काम आमच्याकडे बायकापोरांचं. उघडायचं, आणि मग बाजूला दगडासारखं उभं राहायचं. हललं, खोकललं, तर पुढची मेंढी बिचकते आणि अख्खा कळप उलटा फिरतो. या एका गोष्टीवरून मी नवऱ्याच्या जेवढ्या शिव्या खाल्ल्या तेवढ्या बाकीच्या संसारात मिळून खाल्ल्या नसतील.

मारेद शीळ घालायची. नेल सुटायची, बाणासारखी. दहा-वीस पावलं जायची, मागं वळून मारेदकडे बघायची, आणि झोपायची. सरळ पोटावर, गवतात. मग मान वळवून घराकडे बघायची.

"उठ! नेल! अगं उठ ना बाई!"

पुन्हा शीळ. पुन्हा तेच. मेंढ्यासुद्धा सरावल्या, चरता चरता वर बघायच्या आणि पुन्हा चरायच्या.

मारेद चिकट पोर आहे. ओठ फुटले, बोटांना भेगा पडल्या, तरी रोज जायची. संध्याकाळी शेगडीपुढं बसून हाताला मेंढीच्या लोकरीचं तेल चोळायची आणि नेलला आपल्या ताटातलं द्यायची. नेल खायची, शेपटी हलवायची, आणि जाऊन एमलिनच्या खुर्चीखाली पडायची.

"कुत्री एका माणसाची असते," एमलिन म्हणाला. दात नसल्यानं प्रत्येक शब्दाला हवा सुटत होती. "तिचा दोष नाही. तुझाही नाही."

हे बोलताना त्याचा हात खुर्चीखाली नेलच्या कानांवर होता. मारेद उठून निजायला गेली. तिचं जिन्यावरचं पाऊल थांबल्यावर मी त्याच्याकडे वळले.

"तुला मनातून बरं वाटतंय."

"काहीतरी बोलू नकोस, नेस्टा."

"बरं वाटतंय. कुत्री तुझ्यावाचून चालत नाही म्हणून. खिडकीतून बघत बसतोस रोज. एक दिवस तरी कुरणात गेलास?"

"मी जाऊन काय करू? हे तोंड घेऊन?"

"तोंडाचं काय घेऊन बसलायस? तुझ्या तोंडाकडे बघून मी लग्न केलं नव्हतं."

तो हसला नाही. मला राग होता, आणि रागाच्या खाली त्याची कीवही येत होती. पण कीव दाखवली असती तर त्यानं गळपट्टा आणखी वर ओढला असता. म्हणून मी रागच दाखवला.

शनिवारी सकाळी मारेद निघाली तेव्हा मी कणकेत हात घातले. उतरणीचं जेवण या वर्षी आमच्याकडे होतं. कळप आत आला की सगळ्या शेतांची माणसं एका घरी जेवतात, पाळीपाळीनं. मनुकांचे पाव आधीच भाजून ठेवायचे होते.

"मी आज फाटकात येणार नाही," मी म्हटलं. "तू जा."

"मी?" एमलिन म्हणाला.

"का? फाटक तुला चावलंय एकदा म्हणून?"

त्यानं माझ्याकडे असं बघितलं की मला वाटलं आता फटकन काहीतरी बोलेल. पण त्यानं टोपी घेतली, गळपट्टा बांधला आणि गेला. मी पाव भट्टीत टाकले आणि लगेच अंगणाच्या गडग्यापाशी जाऊन उभी राहिले. मला राहवलं नाही.

एमलिन फाटकात उभा होता. इतक्या वर्षांत मी त्याला तिथं कधी बघितलं नव्हतं. तो नेहमी वर, कुत्र्याच्या बाजूला. खाली उभा असलेला तो मला जरा बुटका वाटला. वर माथ्यावर मारेद. तिनं बोटं तोंडात घातली, शेवटाला वर चढणारी शीळ घातली आणि काठीचा हात लांब केला. नेल सुटली, थांबली, वळून बघितलं, आणि झोपली. मारेदनं टोपी काढून चिखलात आपटली.

मग मी बघितलं, एमलिन उतार चढायला लागला होता. मधोमध, मेंढ्यांमधून, मेंढ्या दोन्ही बाजूंना पांगल्या तरी त्याचं लक्ष नव्हतं. मीही पीठ भरल्या हातांनी फाटक ओलांडून मागं गेले. वर पोचलो तेव्हा त्याला धाप लागली होती आणि गळपट्टा खाली घसरला होता.

"आत्ता जी घातलीस," तो म्हणाला, "वर चढवलेली. ती घालताना काठी कुठं केलीस?"

"उजवीकडे," मारेद म्हणाली. "तिला दाखवायला."

"उजवीकडे का?"

"का म्हणजे? वर चढवली की नेल उजवीकडून वळसा घेते. उतरवली की डावीकडून. लहानपणापासून बघतेय मी."

"कुठून बघतेयस?"

"कुठून म्हणजे?" मारेदचा आवाज चढला. "फाटकातून! मला दुसरं कुठं उभं केलं होतंस?"

एमलिननं खाली फाटकाकडे बघितलं, मग नेलकडे. मग मारेदच्या दोन्ही खांद्यांना धरून तिला फाटकाकडे पाठ करून सरळ उभं केलं आणि आपण तिच्यासमोर उभा राहिला. आपला डावा हात पसरला.

"मी वर उभा असतो. वर चढणारी शीळ म्हणजे माझ्या डाव्या हातानं वळसा. तू समोर खाली. हा हात तुझ्या कुठल्या बाजूला आला?"

मारेदनं त्या हाताकडे बघितलं. हळूच म्हणाली, "उजव्या."

घोळ तो एवढाच. शीळ सांगायची डावीकडे, काठी सांगायची उजवीकडे. नेल बिचारी प्रामाणिक. दोन हुकूम दोन तऱ्हेचे मिळाले की ती झोपायची आणि घराकडे बघून विचारायची, यातलं खरं कुठलं? आम्ही तिला हट्टी म्हणत होतो. मलाही हे सुचलं नाही, कारण मीही त्याच फाटकातली. मला कुणी विचारलं असतं तर मीसुद्धा छातीठोकपणे उजवीकडेच म्हटलं असतं.

"खालून सगळं उलटं दिसतं," एमलिन म्हणाला. "मला आज कळलं." मग म्हणाला, "तुला मी वर न्यायला हवं होतं. लहान होतीस तेव्हाच."

"हो," मारेद म्हणाली. "न्यायला हवं होतं."

असू दे म्हणून तिनं त्याची सुटका केली नाही, आणि मला ते आवडलं. मग तिनं टोपी उचलून मांडीवर झटकली. "आता शिकव."

माझे पाव तेवढ्यात करपले. कोंबड्यांना घातले आणि पुन्हा कणीक मळली.

शिकवणं सोपं नव्हतं. डोक्याला कळलं तरी तिचा हात ऐकेना. शीळ वर चढली की काठी आपसूक उजवीकडे जायची, आणि नेल लगेच झोपायची. शेवटी एमलिननं काठीच काढून घेतली.

"एक हात तोंडात, दुसरा खिशात. खिशातून काढलास तर बघ."

"काठीशिवाय डोंगरावर? लोक हसतील बाबा."

"हसू देत. मी दाताशिवाय फिरतोय."

घरात पहिल्यांदा कुणीतरी त्या दातांवर बोललं होतं, आणि बोलला होता तोच. मारेद आधी बिचकली, मग हसत सुटली. त्या दिवशी उजेड जाईपर्यंत बापलेक कुरणात होते. नेल एकदा झोपली, पुन्हा उठली. मग गेली. मेंढ्यांच्या मागून अर्धा वळसा घेऊन आली आणि मारेदच्या तोंडाकडे बघत उभी राहिली. मी खालून फाटकातून बघत होते. मला तर ती चुकीच्याच बाजूनं गेलेली दिसली.

रविवारी प्रार्थनेनंतर गेथिन आला. "मग? फिरली का कुत्री?"

एक दिवस फिरली होती, तीही कधी कधी. मी एमलिनकडे बघितलं.

"काळ्या कडेला मारेद," एमलिन म्हणाला.

"नक्की? अंगाशी येईल हां."

"तुझा माणूस तुझ्याकडेच ठेव."

उतरणीच्या दिवशी पहाटेपासून धुकं होतं. सगळ्या शेतांची माणसं आमच्या अंगणातून वर गेली. गेथिननं मारेदकडे बघून भुवया उचलल्या. "काठी विसरलीस का गं, पोरी?"

"नाही," मारेद म्हणाली, आणि हात खिशात घालून चालू लागली. नेल तिच्या टाचेशी होती. अंगणाच्या टोकाला ती थांबली आणि मागं एमलिनकडे बघितलं. एमलिननं पाठ फिरवली आणि सरपण रचायला लागला. आधीच रचलेलं होतं ते. मग नेल गेली. बहिरा कॅपसुद्धा सवयीनं फाटकापर्यंत त्यांच्यामागं गेला आणि तिथंच बसून राहिला.

धुकं वर सरकलं तेव्हा आम्ही दोघं मोठ्या फाटकात होतो. डोंगराच्या अंगावर माणसांची रांग दिसू लागली, लांब लांब, आणि त्यांच्यापुढं मेंढ्या ओघळून खाली येत होत्या. सगळ्यांत उंच, काळ्या कडेच्या पोटाशी, एक लहान ठिपका. ती मारेद. कडेच्या पलीकडे खिंड आहे आणि खिंडीपलीकडे दुसरी दरी. आमच्या मेंढ्यांपैकी पुढच्या काही तिकडेच तोंड करून निघाल्या होत्या, आणि एक निघाली की बाकीच्या विचारत नाहीत.

"बघितलंस?" एमलिन म्हणाला. "खिंड." त्यानं फाटकाची फळी धरली.

तेवढ्यात शीळ आली. वर चढणारी, लख्ख. कडेखालचे नेचे हलले.

"चुकली!" एमलिन ओरडला. "नेस्टा, चुकली! उजवीकडून सोडली तिनं! अगं, डावीकडून हवी..."

त्याचा हात आपोआप दोन बोटं जुळवून तोंडाकडे गेला. डोळ्यांत पाणी आलं होतं. मी तो हात धरून खाली ओढला.

"एमलिन. तू खाली उभा आहेस."

त्यानं माझ्याकडे बघितलं. मग वर. मग आपल्या दोन्ही हातांकडे, जसं काही डावा कुठला ते पहिल्यांदाच ठरवायचं होतं.

वर नेल खिंडीच्या तोंडाशी नेच्यांतून बाहेर आली आणि मेंढ्यांच्या पुढं उभी राहिली. पुढची मेंढी थांबली, तिनं पाय आपटला. नेल हलली नाही. आता उतरती शीळ आली, मग थांबायची लांब शीळ, आणि ती सगळी पांढरी ओळ वळली, पहिल्यांदा सावकाश, मग भराभर, आपल्या लोकांकडे खाली. गेथिनच्या बाजूनं कुणीतरी टोपी हलवली.

"डावीकडून गेली ती," एमलिन म्हणाला.

"डावीकडूनच."

मग काही वेळानं सगळा डोंगर फाटकावर आला. ओल्या लोकरीचा वास, खुरांचा आवाज, कोकरांचा गलका. पुढच्या मेंढ्या फाटकासमोर थबकल्या, आणि माझा नवरा, इतक्या वर्षांच्या सवयीनं, त्यांना आत घालायला एक पाऊल पुढं टाकायला निघाला.

"हलू नकोस!" मी दातओठ खाऊन म्हटलं. "दगडासारखा उभा राहा! खोकलास तर याद राख!"

तो जागच्या जागी थिजला. पुढच्या मेंढीनं त्याला नीट न्याहाळलं, उघड्या तोंडासकट, कारण गळपट्टा केव्हाच सुटून चिखलात पडला होता. मग ती आत शिरली, आणि तिच्यामागं बाकीच्या. त्यांच्यामागून नेल आली, जीभ बाहेर, पोटापर्यंत चिखल. एमलिन दिसल्यावर तिचे कान उभे राहिले आणि ती अर्धी त्याच्याकडे वळली. उतारावरून मारेदची शीळ आली. नेल त्याला वळसा घालून मागं राहिलेल्या कोकरांना आणायला गेली.

त्याला लागलं. मला दिसलं ते. आणि तो खूश झाला, तेही दिसलं. दोन्ही त्या बोळक्या तोंडावर एकदमच होतं, आणि त्यानं ते झाकलं नाही.

जेवायला सगळी माणसं आमच्या स्वयंपाकघरात दाटीवाटीनं बसली. मटणाचं सूप, पाव, चहा. एमलिन सगळ्यांसमोर पाव सुपात बुडवून खात होता; हनुवटीवर ओघळलं की बाहीनं पुसायचा. मारेद जेवताना डावा हात खिशातच ठेवून बसली होती, तिच्या ध्यानातच नव्हतं. नेल टेबलाखाली, दोघांच्या बुटांच्या मधोमध पसरली होती.

"मग पुढच्या वर्षी," गेथिननं तोंड पुसत विचारलं, "तुमच्याकडचं कोण कुठं?"

"काळ्या कडेला मारेद," एमलिन म्हणाला. "फाटकात मी."

"आणि मी कुठं?" मी ओगराळं हातात घेऊन विचारलं.

"तू माझ्या शेजारी," तो म्हणाला. "मला हलू नकोस म्हणायला."